गोईंजकाचं शिंग आणि आजीची दाढ

पोरांनो, कान्हाचं जंगल म्हटलं की लोक मंडल्याचं नाव घेतात. पण त्या जंगलाचा मोठा तुकडा आपल्या बालाघाट जिल्ह्यात आहे, आणि मुक्कीचं फाटक तर आपल्याच बैहर तहसिलीत. तिथल्या गवताळ मैदानांवर बारशिंगा चरतो. त्याच्या नराला आपल्या भागातले जुने लोक गोईंजक म्हणतात आणि मादीला गाओनी. बाहेरचे लोक येतात ते वाघ पाहायला. येऊ द्या बापा. मला विचाराल तर वाघाहून नवलाची चीज गोईंजकाच्या डोक्यावर आहे.

गाईम्हशीचं शिंग जन्मभर एकच. आत हाडाचा गाभा, वरून नखं ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याचं टोपण. तुटलं तर तुटलं. बारशिंग्याचं तसं नाही. त्याचं अख्खं शिंग म्हणजे निखळ हाड, आणि ते दरवर्षी गळून पडतं. थंडीत माजाचे दिवस असतात, तेव्हा नर कडक शिंगं घेऊन एकमेकांना भिडतात. माज ओसरल्यावर केव्हातरी शिंगं मुळापासून सुटतात आणि गवतात पडतात. कपाळावर राहतात दोन बुंधे. बुंध्यावरची जखम कातडीनं झाकली जाते आणि तिच्याखालून नवं शिंग फुटू लागतं. वाढत्या शिंगावर मऊ लवेची कातडी असते आणि ते गरम लागतं, कारण त्यात रक्त खेळत असतं. पुढे नराच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन चढलं की शिंगाचा रक्तपुरवठा आटतो, हाड पक्कं होतं आणि गोईंजक झाडाझुडपांवर शिंगं घासून ती कातडी सोलून टाकतो.

“आबाजी, गळलेलं शिंग आपण उचलून आणू?” बंटीनं लगेच विचारलं.

नाही. वन्यप्राण्यांच्या 1972च्या कायद्यानं गळलेलं शिंगही सरकारचं. शिवाय त्याला वाली आहेत. साळिंदर ते कुरतडून खातं, त्यातल्या कॅल्शियमसाठी. आणि बारशिंग्याचं काहीही उचलण्याआधी हे ध्यानात ठेव, की 1970 साली कान्हात हे प्राणी मोजले तेव्हा ते 66 भरले होते. कडक जमिनीवर राहणारी ही पोटजात तेव्हा दुसरीकडे कुठेच उरलेली नव्हती. कुंपण घालून वाघांपासून वाचवली, गवताची कुरणं जपली, तेव्हा कुठे आज आकडा कित्येक शेकड्यांत गेला.

पण आपली गोष्ट हाडाची आहे. चिमी, गेल्या वर्षी तुझं मनगट मोडलं तेव्हा नुसती फट भरून यायला दीड महिना प्लास्टर होतं. बारशिंग्याच्या नात्यातला वापिटी म्हणून अमेरिकेत एक थोराड प्राणी आहे. ऐन हंगामात त्याचं शिंग दिवसाला दोन सेंटिमीटरच्या वर वाढतं. सस्तन प्राण्यांत इतक्या झपाट्यानं वाढणारं दुसरं हाड नाही. तेच कॅल्शियम, तेच फॉस्फेट, तशाच पेशी. मग तुझ्या मनगटाला जे जमलं नाही ते त्या कपाळाला कसं जमतं?

हार्टविग आणि श्रुड्डे नावाच्या दोन जर्मन संशोधकांनी 1974 मध्ये एक अजब प्रयोग प्रसिद्ध केला. हाडावर एक पातळ पापुद्रा असतो, त्याला अस्थिवेष्टन म्हणतात. रो जातीच्या हरणाच्या कपाळावर जिथे शिंग यायचं असतं, तिथला पापुद्र्याचा तुकडा त्यांनी काढला आणि त्याच हरणाच्या पुढच्या पायावर कातडीखाली बसवला. काय झालं असेल? पायाला शिंग फुटलं! म्हणजे शिंगाचं गुपित डोक्यात नव्हतं, त्या बोटभरही नसलेल्या पापुद्र्यात होतं. आणि 2023 मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी हरणाच्या शिंगबुंध्यातल्या पेशी उंदरांच्या डोक्यावर लावल्या, तर 45 दिवसांत उंदराच्या टाळूवर शिंगासारखा हाडाचा कोंब उभा राहिला. चिमीला तो उंदीर पाहायचा आहे. मला नाही.

आता हाडाच्या आत काय दडलंय ते पाहा. हे शोधलं मार्शल युरिस्ट या लॉस एंजलिसच्या हाडांच्या डॉक्टरनं, 1965 साली. त्यानं सशाचं हाड आम्लात बुडवून त्यातलं सगळं कॅल्शियम विरघळवून टाकलं. उरला तो रबरासारखा वाकणारा प्रथिनांचा सांगाडा. तो त्यानं प्राण्याच्या स्नायूत, म्हणजे निव्वळ मांसात, पुरला. मांसात एरवी हाड उगवत नाही. तिथे काही आठवड्यांत नवं हाड तयार झालं. युरिस्टच्या लक्षात आलं की त्या सांगाड्यात असं काहीतरी आहे जे जवळपासच्या पेशींना सांगतं, इथे हाड बांधा. ते द्रव्य हातात येण्याआधीच, 1971 मध्ये, त्याचं नाव ठरलं: बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, बीएमपी. हाड घडवणारं प्रथिन.

माझ्या लहानपणी गावात दवंडी पिटायचे. कोतवाल ढोलकं वाजवत गल्लीगल्लीनं जायचा आणि उद्या अमक्या ठिकाणी बांधाचं काम आहे, घरटी एकेकानं यावं, असं ओरडून सांगायचा. तो स्वतः एक दगडही उचलत नसे. बीएमपीचं काम नेमकं तेच. ते हाड बांधत नाही, बांधणाऱ्यांना बोलावतं.

मद्रासकडून दिल्लीमार्गे अमेरिकेत गेलेल्या ए. हरी रेड्डींनी या दवंडीनंतर काय काय होतं ते दिवसादिवसानं लिहून काढलं. त्यांनी आणि नोबेल मिळालेल्या चार्ल्स हगिन्सनी 1972 मध्ये तसंच आम्लात धुतलेलं हाडाचं पीठ उंदराच्या कातडीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी भटक्या पेशींची गर्दी झाली. पाचव्या-सातव्या दिवशी कूर्चा बनली. नवव्या दिवशी तिच्यात रक्तवाहिन्या शिरल्या, दहाव्या-अकराव्या दिवशी हाड दिसू लागलं आणि एकविसाव्या दिवशी त्या हाडात मज्जासुद्धा होती. आईच्या पोटात तुमची बहुतेक हाडं ज्या क्रमानं बनली, तोच क्रम पुन्हा. मला या सगळ्या कहाणीत हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. म्हाताऱ्या हाडातसुद्धा गर्भातली आठवण शाबूत असते.

आणि हे द्रव्य हाडात असतं किती? किलोभर हाडात जेमतेम एखाद-दोन मायक्रोग्रॅम. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणूनच ते वेगळं काढायला आणि त्याचं जनुक ओळखायला 1988 साल उजाडलं. वाढत्या हरणशिंगातही याच कुळातली प्रथिनं सापडली, आणि त्यांच्या जोडीला आयजीएफ-1 हे वाढीचं संप्रेरक. अशा सगळ्या निरोप्या द्रव्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात.

“पण याचा आजीच्या दाढेशी काय संबंध?”

सांगतो. आजीची खालची दाढ मागच्या वर्षी काढली. गोंदियाची गाडी धरून नागपूरला दाखवायला गेलो, तर दंतवैद्यानं तिथे इम्प्लांट बसवायचा विचार सांगितला. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा टायटॅनियमचा बारका स्क्रू. तो हाडात रुजला की त्याच्यावर दात चढवतात. सगळी मेख रुजण्यात आहे.

टायटॅनियम हाडाला धरतं हे कळलं ते चुकून. पेर-इंग्वार ब्रोनमार्क नावाचा स्वीडनचा शास्त्रज्ञ 1952 च्या सुमारास सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी डबी बसवून रक्त कसं वाहतं ते सूक्ष्मदर्शकातून पाहत होता. प्रयोग संपल्यावर महागडी डबी काढायला गेला, तर निघेचना. हाडानं तिला घट्ट धरून ठेवलं होतं. दुसरा कोणी वैतागला असता. ब्रोनमार्कनं रक्ताचा विषय बाजूला ठेवला आणि डबी का निघत नाही यामागे लागला. 1965 मध्ये त्यानं गोस्टा लार्सन या माणसाच्या खालच्या जबड्यात चार टायटॅनियमचे खुंट बसवले. लार्सन 2006 मध्ये वारला, तोवर चाळीस वर्षं ते खुंट जागेवर होते.

आपल्या जिल्ह्यात धातूला काय तोटा? भरवेलीत मँगनीज, मलाजखंडात तांबं. पण तांब्याचा स्क्रू हाडात घातला तर त्याच्यातून सुटणारं तांबं पेशींना मारेल. टायटॅनियमवर हवा लागताच काही नॅनोमीटर जाडीचं ऑक्साइडचं कवच चढतं आणि मग ते शरीराशी भांडत नाही. त्याचं खनिज, इल्मेनाइट, केरळच्या आणि आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूत आहे. जुन्या लोकांनी मात्र धातूवाचूनही काम भागवलं होतं. मध्य अमेरिकेत होंडुरासमध्ये 1931 साली इ.स. 600 च्या आसपासचा एक माया जबडा सापडला, त्यात खालच्या तीन दातांच्या जागी शिंपल्याचे तुकडे ठोकलेले होते. पुढे ब्राझीलच्या आमादेओ बोबियोंनी त्याचे एक्स-रे काढले, तर तुकड्यांभोवती हाड भरून आलेलं दिसलं. म्हणजे माणूस जिवंत असतानाच ते बसवले होते. बिनभुलीचे. आजीला हे सांगू नका.

हाडाला भोक पाडताना काय होतं? पहिली गोष्ट म्हणजे ड्रिल तापतं. एका मिनिटासाठी जरी हाड 47 अंशांवर गेलं तरी त्यातल्या पेशी मरतात, म्हणून डॉक्टर सतत थंड सलाईन सोडत राहतात. मग भोकात रक्त येतं आणि साकळतं. त्या गुठळीत प्लेटलेट्स फुटतात आणि त्यांच्यातून ग्रोथ फॅक्टर बाहेर पडतात. दवंडी इथेच पिटली जाते. पेशी येतात, आठवड्या-दोन आठवड्यांत घाईघाईनं कच्चं हाड विणतात, आणि मग दुसऱ्या जातीच्या पेशी ते कच्चं हाड खाऊन टाकतात, म्हणजे पक्क्याला जागा होते. यातली एक खोच फारसं कोणी सांगत नाही. स्क्रू पहिल्या दिवशी घट्ट असतो, तो हाडाच्या दाबानं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला तो दाब गेलेला असतो आणि नवं हाड पुरतं आलेलं नसतं, तेव्हा तो सर्वांत कमजोर असतो. नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं, दुखत नाही, चला सुपारी फोडू.

इथे शास्त्रज्ञांच्या डोक्यात सरळ विचार आला. प्लेटलेट्सच्या भरवशावर कशाला राहा? स्क्रूलाच बीएमपीचा लेप लावून आत घालू.

लेप लावला. आणि पंचाईत झाली.

धातूवर नुसतं चोपडलेलं प्रथिन पहिल्या काही तासांत, फार तर दिवसांत, धुऊन जातं. हाड बांधणाऱ्या पेशी पोचतात तोवर बोलावणारा निघून गेलेला. मग उपाय काय? डोस वाढवा. हाडात किलोला मायक्रोग्रॅम असतं ते, आणि बाजारात आलेल्या बीएमपीच्या औषधात एका मिलिलिटरला दीड मिलिग्रॅम, म्हणजे दीड हजार मायक्रोग्रॅम. ते कोलॅजनच्या स्पंजात भिजवून 2002 पासून अमेरिकेत पाठीच्या मणक्यांसाठी वापरायला परवानगी मिळाली, आणि 2007 मध्ये जबड्याचं हाड वाढवायलाही. पण 2008 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला, कारण मानेच्या मणक्यात वापरलं तेव्हा काही रुग्णांचा गळा सुजून श्वास कोंडला होता. 2011 मध्ये मणक्याच्याच एका वैद्यकीय नियतकालिकानं अख्खा अंक काढून दाखवलं की औषध बनवणाऱ्या कंपनीच्या पैशावर झालेल्या अभ्यासांत दुष्परिणाम जवळजवळ नोंदलेच नव्हते. प्राण्यांच्या जबड्यात लेप लावलेले स्क्रू बसवले तेव्हाही तेच. थोडा डोस बरा ठरला, जास्त डोसनं उलट हाड झिजलं, द्रव साठला, स्क्रू जागेवरून हलले. कारण बीएमपी हाड बांधणाऱ्यांना बोलावतं तसं हाड खाणाऱ्यांनाही बोलावतं. कोतवालानं रात्रभर ढोलकं बडवलं तर बांधावर काम करणारे येतील तसे तमाशा पाहणारेही येतील.

मग आणखी शहाणपण आलं. जपानच्या कोकुबो यांनी 1990 मध्ये रक्तातल्या क्षारांसारखं पाणी तयार केलं होतं. त्यात 37 अंशांवर धातू ठेवला की त्याच्यावर हाडाच्या खनिजाचा थर आपोआप बसतो. हॉलंड-स्वित्झर्लंडकडच्या संशोधकांनी त्या पाण्यातच बीएमपी मिसळलं, म्हणजे थर चढताना प्रथिन स्फटिकांच्या आत अडकून बसेल. आता ते धुऊन जात नाही. हाड खाणाऱ्या पेशी येऊन तो थर पोखरतील तसतसं थोडं थोडं सुटतं. 2005 मध्ये त्यांनी उंदरांत दाखवलं की नुसत्या चोपडलेल्या प्रथिनापेक्षा हे अडकवलेलं प्रथिन कितीतरी जास्त दिवस हाड बनवत राहतं. दुसऱ्यांनी ते हेपारिन नावाच्या द्रव्याला बांधून पाहिलं, तिसऱ्यांनी थरावर थर चढवून पाहिले.

“मग आजीला तोच स्क्रू बसवणार?” चिमी.

नाही बाई. तसे स्क्रू दुकानात अजून सर्रास मिळत नाहीत, आणि त्याची कारणं साधी आहेत. इम्प्लांट निर्जंतुक करायला उष्णता किंवा गॅमा किरण लागतात, आणि त्यांनी प्रथिनं बिघडतात. हाडात पिळून बसवताना लेप खरवडला जातो. डबीत वर्षभर पडून राहिला तर त्यात जीव उरेल याची हमी द्यावी लागते. आणि मुख्य म्हणजे, धडधाकट माणसाच्या चांगल्या हाडात बिनलेपाचा खरबरीत टायटॅनियम स्क्रू शंभरात नव्वदाहून जास्त वेळा नीट रुजतोच. अनेक प्रयोगांत लेपाचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत दिसतो. तीन महिन्यांनी साधा स्क्रूही त्याला गाठतो. खरी गरज आहे ती पातळ हाडाच्या, मधुमेहाच्या, मानेवर किरणोपचार झालेल्या रुग्णांना. माझं स्पष्ट मत, ज्या जाहिरातीत ‘ग्रोथ फॅक्टर’ हे शब्द किमतीपेक्षा मोठ्या अक्षरांत असतील तिथे आधी किंमत वाचावी.

आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत एक स्वस्त वाट मात्र चांगली रुळली आहे. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी 2001 मध्ये ती मांडली. रुग्णाचंच थोडं रक्त काढायचं, साकळू नये म्हणून घालतात ते औषध न घालता यंत्रात गरगर फिरवायचं, आणि मधला पिवळसर जाड पडदा काढून घ्यायचा. त्याला पीआरएफ म्हणतात. त्या पडद्यात प्लेटलेट्स आणि त्यांची सगळी निरोप्या द्रव्यं, घरच्याच मापात. भोकात किंवा स्क्रूभोवती तो ठेवतात. त्यानं हाड फार वाढतं असं कोणी म्हटलं तर मी लगेच मान डोलावणार नाही. हिरडी लवकर भरते आणि दुखणं कमी होतं, एवढं मी मान्य करीन.

पण हाडाशी लग्न लागलं तरी काम अर्धंच. इम्प्लांटचं एक टोक हाडात आणि दुसरं हिरडी फोडून तोंडात. खऱ्या दाताभोवती हिरडीचे तंतू दातात रुतलेले असतात. टायटॅनियमभोवती ती पकड ढिली. त्या फटीतून जंतू शिरतात आणि कमावलेलं हाड पुन्हा खाल्लं जातं. कातडी फोडून बाहेर येणारं आणि तरीही न पिकणारं हाड निसर्गात कुठे आहे, असा प्रश्न लंडनमध्ये कॅथरीन पेंडेग्रास आणि गॉर्डन ब्लन यांना पडला. ते पाय गमावलेल्या माणसांसाठी हाडात बसणारा कृत्रिम पायाचा दांडा बनवत होते आणि तो कातडीतून बाहेर येतो तिथे पिकायचा. 2006 मध्ये त्यांनी उत्तर छापलं: हरणाच्या शिंगाचा बुंधा. तिथलं हाड कातडीखाली बारीक छिद्रांनी भरलेलं असतं आणि कातडीचे तंतू त्या छिद्रांत घुसून तिला घट्ट धरून ठेवतात. मग त्यांनी आपल्या दांड्यालाही कातडीखाली तशीच सच्छिद्र कडा दिली. दातांच्या इम्प्लांटलाही हिरडीच्या उंचीवर अशी पकड देण्याचे प्रयत्न चालू आहेत. जबड्यापेक्षा गोईंजकाचं डोकं पुढे आहे ते इथे.

“म्हणजे आजीला बारशिंग्याचा दात?” बंटी म्हणाला, आणि आतून आजीचा आवाज आला, “तुझ्या आबाजीच्या डोक्याला आधी शिंग फुटू दे.”

तिची अडचण वेगळीच आहे. तिला साखर आहे. रक्तातली साखर सतत चढी असली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी मंदावतात. दवंडी ऐकू येते, पण कोणी उठत नाही. तंबाखूनंही तेच होतं. खर्रा खाणाऱ्याच्या हिरडीला निकोटीननं रक्तच कमी मिळतं. आजी खर्रा खात नाही, पण रोज रात्री तंबाखूची गुडाखू घासते, आणि ती आपण सोडली असं डॉक्टरांना सांगून आली आहे. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी आधी करा, ती सातच्या आसपास आली की मग स्क्रूचं पाहू, खालच्या जबड्याला पुढे तीन महिने रुजायला लागतील.

तेव्हा सोमवारी सकाळी तिला रक्त द्यायला न्यायचं आहे. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, हे मी तिला कालच सांगून बसलो. आता ती म्हणते, मग निघण्याआधी पोहे कर, आणि वर शेव घाल.